गाईंचा प्रोग्रॅम

येरवडा, पुणे
सोमवार, २८ जून २००४

प्रिय शकू,

कशी आहेस? घरी सगळे बरे असतील. इकडे आम्ही सर्व मजेत आहोत. मजेत नाही आहोत, पण पत्राची सुरुवात अशीच करायची असते, म्हणून केली.

एकाच शहरात राहून पोस्टाने पत्र पाठवायची वेळ आली, ही तुझी कृपा. तुमच्या घरी मी चार वेळा फोन केला. चारही वेळा तुझ्या आईने उचलला. "शकू घरी न्हाय," म्हणाल्या आणि ठेवून दिला. चौथ्या वेळेला तर मागून तुझाच आवाज येत होता. तू गोठ्यात कुणाला तरी "सरक गं" म्हणत होतीस. मला नसावीस म्हणत.

तर बातम्या. थर्ड इयर सुरू झालं. लॅबमध्ये बावीस कॉम्प्युटर आहेत, त्यातले चौदा चालू होतात आणि चौदांतल्या एकावर फक्त तारीख दिसते, तीही चुकीची. ऑपरेटिंग सिस्टिमला नवीन सर आलेत. ते नोट्स सांगतात. म्हणजे स्वल्पविरामसुद्धा सांगतात. परवा एकाने शंका विचारली तर म्हणाले, "ते सिलॅबसमध्ये नाही." मग पुन्हा स्वल्पविराम. जर्नल अजूनही हातानेच लिहायचं, प्रोग्रॅमसकट. परीक्षेतही प्रोग्रॅम कागदावरच. कॉम्प्युटर सायन्सची पदवी घ्यायची आणि तीन वर्षं बॉलपेन घासायचं. येरवड्याहून दोन बसा बदलून कर्वेनगरला जाते ती यासाठी.

पार्टनर म्हणून बजरंग मिळालाय. रोल नंबरप्रमाणे. तो कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी त्याला नमस्कार करतो आणि मग माझ्याकडे बघत बसतो. पुढचं मी करायचं. सेकंड इयरला मी तुझ्याकडे बघत बसायचे, ते आठवलं.

अब्बा रोज विचारतात, "शकू कब आनेवाली?" तपकीर गल्लीतल्या दुकानात त्यांनी तुझ्यासाठी जुना मॉनिटर बाजूला काढून ठेवलाय. गिऱ्हाइकांचे रेडिओ-टीव्ही खोलले की ज्याचे पार्ट त्याच्या नावाची चिठ्ठी लावून पिशवीत ठेवायची त्यांची सवय तुला माहीत आहे. तशी एक पिशवी तुझ्या नावाची आहे. एक फ्लॉपी ड्राइव्ह आणि कीबोर्ड जमलाय. मदरबोर्ड मिळाला की उभा करतो म्हणतात. तू आता येत नाहीस, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

त्या दिवशी प्रॅक्टिकलला जे झालं ते झालं. बाहेरून आलेल्या सरांचा गैरसमज झाला, त्याला कोण काय करणार. पण एक सांग, तू काहीच का बोलली नाहीस? नुसती उभी राहिलीस. तोंडात मूग धरून उभं राहिल्यावर माणूस दुसरं काय समजणार? मला तुझा फार राग येतो, शकू. खरंच येतो.

आणि तुझ्या बाबांचीही कमाल आहे. एका प्रॅक्टिकलला नापास झाली म्हणून शिक्षण बंद? जयसिंगकाका असे नव्हते. आमच्याकडे आले होते तेव्हा "आमच्या गावात कॉम्प्युटर शिकणारी ही पहिली" म्हणून माझ्या अम्मीला तीनदा सांगितलं होतं. तू पुढच्या एप्रिलला बाहेरून परीक्षा देऊ शकतेस. फॉर्म मी आणून देईन.

जाता जाता एक काम. लिंक्ड लिस्टचा प्रोग्रॅम या वर्षीही आहे, पेशंटची यादी करायची. मी मध्येच नवीन पेशंट घातला की त्याच्या मागचे सगळे गायब होतात. तीन दिवस झाले. बजरंग म्हणतो, बरे होऊन घरी गेले असतील. तुला सुचलं तर कळव.

उत्तराची वाट बघते.

तुझी,
रझिया

* * *

येरवडा
शनिवार, १७ जुलै २००४

प्रिय शकू,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पत्र म्हणवत नाही. वर नाव नाही, खाली सही नाही, "कशी आहेस" नाही. एका रांगेत चार गाई काढल्यात, त्यांच्यामध्ये दावी, आणि खाली तीन ओळी:

"आधी नवीन गाईला मागची बांध. मग पुढचीचं दावं मागचीपासून सोडून नवीनला बांध. तू आधी सोडतेस, म्हणून मागच्या सगळ्या पळतात."

पोस्टमनने अम्मीच्या हातात दिलं. अम्मी महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवते, कुणाचंही लिखाण दिसलं की आधी चुका शोधते. तिने कार्ड दोनदा वाचलं, मला म्हणाली, "एक चूक नाही. पण हे आहे काय?" मी म्हटलं, "कॉम्प्युटर."

लॅबमध्ये जाऊन मी दोन ओळी खालीवर केल्या. प्रोग्रॅम चालला. सगळे पेशंट जागेवर.

मग मी बाहेर पायऱ्यांवर येऊन बसले. कारण हे तू मला आधी सांगितलं होतंस. याच शब्दांत. मार्चमध्ये, कँटीनमध्ये, तुझा डबा उघडा ठेवून. लहानपणी वडिलांबरोबर जनावरं बाजारात न्यायचात, एकीच्या मागे एक बांधलेली, आणि एकदा मध्येच नवीन गाय बांधताना तू आधी दावं सोडलंस आणि मागच्या तिघी रस्ताभर झाल्या. "तेव्हा जो मार खाल्ला ना, त्यातच लिंक्ड लिस्ट शिकले," म्हणालीस. मी पोट धरून हसले होते. समजलं मात्र नव्हतं. माझ्या घरी कॉम्प्युटर असून समजलं नव्हतं आणि तू वहीच्या मागच्या पानांवर गाई काढून शिकलीस.

पाठ तेवढं झालं.

मागच्या पत्रात मी "जे झालं ते झालं" असं लिहिलं. ते लिहिणं सोपं होतं. काय झालं ते लिहिते. तू तिथे होतीस, तुला सांगायची गरज नाही, पण मला एकदा लिहून बघायचंय.

सबमिशनच्या आदल्या दिवशी माझ्या जर्नलमध्ये एक प्रोग्रॅम कमी होता. वर्गातले सगळेच एकमेकांचं उतरवतात, जर्नल म्हणजे दुसरं काय असतं. मी तुझं मागून घेतलं आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून अर्ध्या तासात उतरवलं. तू तुझ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक खणाला gai असं नाव दिलं होतंस. मी तेही तसंच उतरवलं. पुस्तकात node असतं, तेवढं बदलायचीही बुद्धी झाली नाही.

बाहेरच्या सरांनी दोन्ही जर्नलं शेजारी ठेवली. रोल नंबर एकेचाळीस तू आणि बेचाळीस मी, दोन्हींत गाई. त्यांनी आधी तुला विचारलं, इंग्रजीत, की या दोन ओळींची अदलाबदल केली तर काय होईल. तुला येत होतं. वर्गात तुला एकटीलाच येत होतं. तू म्हणालीस, "सर, मराठीत सांगू का?" ते म्हणाले, हा मराठीचा पेपर नाही. मग तू खाली बघितलंस.

मग त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं. कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत, न अडखळता. गाई एका रांगेत बाजाराला निघाल्या आहेत, मध्ये नवीन गाय घ्यायची आहे, आधी तिला मागची बांधायची. तुझा बाजार, तुझी दावी, तुझा मार तेवढा वगळला. सर इतके खूश झाले की पेन खाली ठेवलं. फार कल्पक उदाहरण म्हणाले. येरवड्यात राहणाऱ्या, तपकीर गल्लीतल्या मकबूल रेडिओवाल्याच्या मुलीकडे बाजाराला न्यायच्या गाई कुठून आल्या, हे ना त्यांनी विचारलं ना श्यामला मॅडमनी. विभागप्रमुख म्हणून त्या शेजारच्याच खुर्चीवर होत्या.

मग सर तुझ्याकडे वळले. "सो, यू कॉपीड इव्हन द काऊज?"

सगळी लॅब हसली. शकू, मीसुद्धा हसले. जास्त नाही. पण हसले.

तू माझ्याकडे बघितलंस आणि मी जर्नल बंद करून पिशवीत भरायला लागले. तू का बोलली नाहीस, असं मी तुला विचारते. मी काय बोलत होते? माझं इंग्रजी त्या दिवशी कुठे गेलं होतं?

मला भीती वाटली, हे खरं आहे. दोघींनाही नापास करतील असं वाटलं. पण दुसरंही एक खरं आहे. वर्षभर मला तुझा हेवा वाटायचा. सकाळी दूध काढून, सायकल मारत राजाराम पूल ओलांडून तू यायचीस, केसांना गोठ्याचा वास घेऊन, आणि मी रात्रंदिवस कॉम्प्युटरपुढे बसून जे येत नव्हतं ते तू डबा खाता खाता सांगायचीस. त्या दिवशी पाच मिनिटं मी हुशार होते. सोडवली नाहीत मला ती पाच मिनिटं.

माफ कर असं आत्ता लिहीत नाही. अजून सगळं लिहून झालेलं नाही.

रझिया

* * *

येरवडा
रविवार, ८ ऑगस्ट २००४

प्रिय शकू,

काल मी धायरीला आले होते. तुला माहीत आहे. तू गोठ्याच्या दारात होतीस आणि मला बघून आत गेलीस. मी अंगणात उभी राहिले. तुझ्या आईने बसायला सांगितलं नाही आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

मी त्यांना म्हटलं, "मावशी, शकू नापास नव्हती. प्रोग्रॅम तिचा होता, मी उतरवला."

त्या सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "आन् हे आता सांगायला आलीस व्हय? पावनं बगून गेल्याती. तिच्या बाला वाटतंय, पोरीनं चोरी करून नाव घालवलं. तीन म्हैनं झालं त्यो तिच्याशी धड बोलंना. आन् ही कार्टी एक शबुद बोलली न्हाय तुज्याबद्दल."

मी तोपर्यंत समजत होते की काका नापास झालीस म्हणून रागावलेत. चोरी केलीस म्हणून, हे मला माहीत नव्हतं. आणि तू घरीही माझं नाव घेतलं नाहीस. याचा मला इतका राग आला की काय सांगू. तुझा नव्हे. पण कुणाचा ते कळायला धायरीपासून डेक्कनपर्यंतची बस लागली.

आता जे तुला माहीत नाही ते लिहिते.

प्रॅक्टिकलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामला मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. मार्कांचं पाकीट टेबलावर होतं, अजून लाख लावलेली नव्हती. मॅडम म्हणाल्या, "रझिया, एकदाच विचारते. तो प्रोग्रॅम कुणाचा?"

तिथे बाहेरचे सर नव्हते, हसणारी लॅब नव्हती, तू नव्हतीस. कुणी घाई करत नव्हतं. मी म्हटलं, "माझा."

लॅबमध्ये मी गप्प बसले, ते एक झालं. हे मी बोलले. मॅडमनी माझ्यासमोर पाकीट बंद केलं.

तुझ्या कार्डानंतर चार दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. शेवटी अब्बांना सांगितलं, दुकानातच. ते कुणाचा तरी टेपरेकॉर्डर खोलून बसले होते. सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, फळीवरची तुझ्या नावाची पिशवी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "इतकी वर्षं दुकान चालवलं. एकाचा पार्ट दुसऱ्याच्या सेटमध्ये कधी गेला नाही. तू माझ्या घरात राहून हे केलंस." मग पुन्हा काम करायला लागले. मी तिथे तासभर बसले, त्यांनी वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेले. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "हे शहाणपण एप्रिलमध्ये सुचलं असतं तर आपल्या सगळ्यांचाच वेळ वाचला असता." मग म्हणाल्या, "मला संशय होता." मला वाटलं, विचारावं, बाई, संशय होता तर तिला का नाही बोलावलंत केबिनमध्ये? मलाच का? विचारलं शेवटी. त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "तू नीट उत्तर दिलं होतंस." एवढंच. नीट उत्तर म्हणजे इंग्रजी उत्तर, हे आमच्या दोघींच्याही ध्यानात आलं असावं.

मग पंधरा दिवस कागद फिरले. प्राचार्य, परीक्षा विभाग, परत प्राचार्य. एका टेबलावर म्हणायचे, असा नियम नाही. दुसऱ्यावर म्हणायचे, नियम आहे पण फॉर्म नाही. एका क्लार्कने तर मला समजावलं, "कशाला नसती उठाठेव करता? ती मुलगी तक्रार करत नाही, तुम्ही पास आहात." मी रोज मधल्या सुट्टीत तिथे उभी राहायचे. ऑपरेटिंग सिस्टिमचे दहा तास बुडाले. स्वल्पविराम बजरंगने उतरवून घेतलेत.

शेवटी असं ठरलं. तुझी तोंडी परीक्षा पुन्हा होईल. श्यामला मॅडम आणि आणखी एक सर घेतील, आणि तू मराठीत उत्तर दिलंस तरी चालेल असं मॅडमनी प्राचार्यांकडून लिहून घेतलंय. ते त्यांनी आपणहून केलं, मी सुचवलं नव्हतं. पास झालीस की तुझं नाव थर्ड इयरच्या यादीत येईल. माझं प्रॅक्टिकल रद्द. मी थर्ड इयरमधून बाहेर, पुढच्या एप्रिलला पुन्हा परीक्षा.

मॅडमनी माझा कबुलीचा अर्ज पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "सही कर. मग तिच्या परीक्षेचं बघू."

मी पेन उचललं आणि ठेवलं. म्हटलं, "मॅडम, आधी तिची तारीख लेखी द्या. मग मी सही करते."

"का? माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे. पण आधी सोडलं की मागचं सगळं पळतं."

मॅडमनी कोरा कागद पुढे ओढला. "हे कुठे शिकलीस?"

"धायरीत," म्हटलं.

त्यांनी तारीख लिहिली, शिक्का मारला. तो कागद माझ्या हातात आल्यावर मी सही केली. शकू, तो प्रोग्रॅम मला त्या क्षणी समजला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

कागद तुझ्याच हातात द्यायला काल आणला होता, पण तू आत गेलीस, म्हणून या पत्रासोबत जोडलाय. मंगळवार, १७ ऑगस्ट, सकाळी अकरा, लॅब नंबर दोन. माझ्या कबुलीच्या अर्जाची प्रतही आहे. ती जयसिंगकाकांना दे. तुला द्यायची नसेल तर मी येऊन देईन, त्यांच्या हातात, आणि ते जे बोलतील ते उभी राहून ऐकेन. पाहुण्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी बोलणारी कोण. पण चोरीचं जे आहे ते माझं आहे, ते तुझ्याकडे राहता कामा नये.

माझं जर्नलही मॅडमकडे जमा केलंय. त्या पानावरचं माझं नाव खोडून तुझं लिहिलं. मॅडम म्हणाल्या, जर्नलमध्ये खाडाखोड चालत नाही. पण ठेवून घेतलं.

अब्बांना मदरबोर्ड मिळाला. तुझा कॉम्प्युटर उभा राहिलाय, दुकानात, तुझ्या नावाची चिठ्ठी लावून. ते माझ्याशी आता बोलतात, पण कामापुरतं. कालच म्हणाले, शकूने स्वतः येऊन न्यावा, तुझ्या हाती पाठवणार नाही.

सतरा तारखेला मी कॉलेजात नसेन. मला बघून तू पुन्हा खाली बघशील, ते मला नको आहे. उत्तर मराठीत दे. मान वर करून दे. आणि माझ्याशी कधीच बोलली नाहीस तरी चालेल, पण त्या दिवशी मात्र बोल. सगळं बोल, मार खाल्लेला तोही सांग.

एकेकाळची रोल नंबर बेचाळीस,
आता एक वर्ष तुझ्या मागे,

रझिया